सरोजताईंची ऋषीची भाजी

सरोजताईंना थोडका स्वयंपाक करता येत नाही. हे त्यांच्या देखत म्हणायची सोय नाही, कारण त्या नाकावर माशी बसू देत नाहीत. पण आहे ते खरं आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कंपनीचं कँटीन त्यांनी जन्मभर सांभाळलं. तीन पाळ्यांची माणसं, वर ओव्हरटाइमवाले. त्यामुळे त्यांच्या हाताला पातेल्याचं माप कळतं, वाटीचं कळत नाही. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, घरात माणूस एक, तरी आमटी केली की ती तीन दिवस पुरते, आणि चौथ्या दिवशी सरोजताई तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

राहायला त्या डोंबिवली पूर्वेला, ‘श्रमसाफल्य’ नावाच्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. लग्न केलं नाही. म्हणजे आधी धाकट्या भावाचं, सुदेशचं, शिक्षण व्हायचं होतं. मग वडील अंथरुणाला खिळले, मग आई. आणि आई गेली तोवर सरोजताईंची पन्नाशी उलटली होती. याबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत. कुरकुरत असत ते लोक. कोणी बाई फारच हळहळली, तर त्या म्हणायच्या, “दोनशे माणसं रोज माझ्या हातचं जेवतात. तुमच्या घरातले दोघं तरी जेवतात का हो न बोलता?” मग तो विषय तिथेच संपायचा.

इमारतीच्या मागे, कंपाउंडची भिंत आणि गटार यांच्यामध्ये, एक चिंचोळी पट्टी आहे. तिथे पूर्वी फुटक्या फरश्या आणि मोडक्या सायकली पडलेल्या असत. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात सरोजताईंनी ती पट्टी साफ केली. रंगाचे रिकामे डबे आणले, मासळीबाजारातून थर्माकोलची खोकी आणली, सुरणासाठी सिमेंटची गोणी मातीने भरली. अळवाचे कंद दिले तळमजल्यावरच्या राघोकाकांनी. ही इमारत ज्या जागेवर उभी आहे तिथे एके काळी राघोकाकांचंच घर होतं. बिल्डरने त्यांना तळमजल्याला एक खोली दिली. मुलं पुढे बंगला बांधून तिकडे गेली, काका काही जागचे हलले नाहीत. दिवसभर जिन्याखाली प्लास्टिकच्या स्टुलावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बघत असतात.

श्रावण सरत आला की पाऊस दम खातो. चार दिवस असं कडक ऊन पडतं की वेली बघता बघता वर चढतात. सरोजताईंचे वर्षातले सगळ्यात चांगले दिवस तेच. सकाळी चहाचा कप घेऊन खाली जायचं. भोपळ्याची नर फुलं तेवढी ओळखून खुडायची आणि त्यांची भजी करायची. काकडी वेलीवरून तोडून तिथेच ओढणीला पुसून खायची, मीठसुद्धा न लावता. चिबूड पिकला की त्याचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत येतो. मग तो फोडायचा, त्यावर गूळ किसायचा आणि दुपारच्या चहाला सुट्टी द्यायची. पडवळ वाकडं वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला दोऱ्याने खडा बांधतात. सरोजताईंच्या खिडकीच्या ग्रिलला भाद्रपदात असे चार-पाच खडे लोंबत असतात, आणि खालून जाणारा नवखा माणूस डोकं सांभाळून हमखास वर बघतो.

सुख होतं, नाही असं नाही. पण कोणाला तरी दाखवल्याशिवाय ते पुरं होत नसे. “बघ गं, केवढं झालंय,” असं म्हणायला समोर माणूस लागतं. सरोजताई ते वाक्य पडवळालाच ऐकवायच्या, आणि मग आपलं आपल्यालाच विचित्र वाटून घाईघाईने वर निघून यायच्या.

या सगळ्या बागेचा एक दिवस ठरलेला होता. गणपतीच्या दुसऱ्या दिवशीची ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, माणसाने स्वतःच्या हाताने लावलेलं तेवढंच खायचं, असा नेम. सरोजताईंच्या आईने, गोदूबाईंनी, तो संगमेश्वराकडून डोंबिवलीत आणला, आणि नांगर फिरवायला जागाच नसलेल्या या गावात तो पाळणं तसं सोपंच होतं. त्या दिवशी ऋषीची भाजी. अळू, सुरण, लाल माठ, भेंडी, पडवळ, दोडका, भोपळा, काकडी, मक्याचं कणीस, जे जे हाताने लावलं ते ते एकाच पातेल्यात. तेल नाही, मसाला नाही. मिरची, मीठ, ओलं खोबरं आणि चिंच. त्यातही चिंच विसरून चालत नाही. अळू खाजरं, सुरण त्याहून खाजरा. चिंचेशिवाय त्या दोघांना घशाखाली घालायला कोणी धजत नाही. आणि नैवेद्य दाखवेपर्यंत चव घ्यायची नाही. सरोजताईंना चव घ्यायची गरजच नव्हती. एवढ्या वर्षांत त्यांचं मीठ एकदाही चुकलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्या स्वतःच सगळ्यांना सांगत.

ही भाजी एकट्यासाठी होत नाही. प्रत्येक भाजीचा बोटभर तुकडा घेतला तरी पातेलं भरतं. म्हणून तर सरोजताईंना ती आवडायची. त्या दिवशी पातेलंभर भाजी करायला त्यांच्याकडे देवाधर्माचं कारण असायचं. सुदेश आणि त्याची बायको वैशाली जेवायला असायचे, शिवाय जिन्यातल्या प्रत्येक घरी एकेक वाटी जायची. संध्याकाळी दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन. सरोजताईंचे वडील गुणाजी यांनी बसवायला सुरुवात केलेला तो गणपती डोंबिवलीच्या याच दोन खोल्यांत इतकी वर्षं येत होता.

या वर्षी तो बाळकुमला गेला.

सुदेशने ठाण्याला बाळकुमच्या एका मोठ्या संकुलात घर घेतलं होतं, बाविसाव्या मजल्यावर. लिफ्ट, गाडी ठेवायला जागा, पाहुण्यांना वेगळी खोली. जुलै महिन्यात तो येऊन म्हणाला, “ताई, तुझे गुडघे, इथे लिफ्ट नाही, वैशालीच्या माहेरच्यांना चढायला त्रास होतो. यंदा बाप्पाला तिकडे नेऊया का?”

“ने की,” सरोजताई म्हणाल्या. “मला काय, मी कुठेही येऊन आरती म्हणीन.”

त्यांनी ‘ने’ म्हटलं ते त्याने ‘नको, राहू दे’ म्हणावं म्हणून. पण सुदेश लहानपणापासून सरळ मनाचा. सांगितलं तेवढंच त्याला ऐकू येतं. तो म्हणाला, “बरं झालं बाई, मला वाटलेलं तू चिडशील.” आणि चहा पिऊन गेला.

चतुर्थीला सरोजताई बाळकुमला गेल्या. घर सुरेख होतं. मोदक बाहेरून मागवले होते, तेही बरे होते. त्या स्वयंपाकघरात शिरल्या की वैशाली म्हणायची, “ताई, तुम्ही बसा हो बाहेर, सगळं तयार आहे.” तिसऱ्यांदा असं झाल्यावर त्या सोफ्यावर बसल्या त्या निघेपर्यंत. वैशालीच्या मनात काही नव्हतं, ती खरोखरच मानाने वागवत होती. पण स्वतःच्या घरच्या गणपतीपुढे सरोजताई जन्मात पहिल्यांदाच पाहुण्या होत्या, आणि पाहुण्याला बसण्यापलीकडे काही काम नसतं. बाल्कनीत एक कुंडी दिसली. जवळ जाऊन बघितली तर प्लास्टिकची.

निघताना सुदेश खाली सोडायला आला. रिक्षात बसवताना म्हणाला, “उद्या पंचमी. तुझी भाजी नसेल तर बाबांचा गणपती जेवायचा नाही. मी सकाळी गाडी घेऊन येतो. तू आणि भाजी, दोघींना घेऊन जातो. नैवेद्याला तुझीच भाजी, काय?”

रिक्षा ठाणे स्टेशनला पोचेपर्यंत सरोजताई ते वाक्य मनातल्या मनात परत परत ऐकत होत्या. सोफ्यावर बसण्याचा सगळा राग त्या एका वाक्याने धुऊन गेला. नैवेद्याच्या पानात आपली भाजी असली, की घर कुठल्या का मजल्यावर असेना, आपण त्या घरातल्याच. त्यांचा सगळा हिशेब हा असा होता.

पंचमीला त्या उजाडायच्या आत मागच्या पट्टीत उतरल्या. राघोकाका स्टुलावर होतेच. “आज ऋषी काय गो बाय?” त्यांनी विचारलं.

“हो काका. भाऊ येतोय न्यायला. भाजी ठाण्याला चाललीय या वर्षी, गाडीतून.”

“चालली भाजी मुंबईला,” काका म्हणाले. त्यांच्या लेखी कोपर खाडीच्या पलीकडे सगळी मुंबईच.

वर येऊन सरोजताईंनी सगळं निवडलं, चिरलं. सुरण साफ करताना हाताला लावायला आमसुलं घेतली. अळूची देठं सोलली. कोमट पाण्यात चिंच भिजत घातली आणि त्या वाटीवर ताटली झाकली. पातेलं गॅसवर चढलं, पाणी सुटलं, मक्याच्या कणसाचा गोडसर वास सुटला. तेवढ्यात फोन वाजला.

“ताई, तयारी झाली का? मी अर्ध्या तासात निघतो बघ.”

झालं. सरोजताईंची एकदम धांदल उडाली. कपाटातून आईची हिरवी इरकल काढली. फळीवरून चार पुडांचा पितळी डबा उतरवला, तो बरणीतली चिंच लावून घासून लख्ख केला. वैशालीसाठी पिकलेला चिबूड पिशवीत घातला. मध्येच पळत येऊन भाजीत खोबरं घातलं, मीठ घातलं, मिरची घातली, एक उकळी आणली, गॅस बंद केला आणि केस विंचरायला गेल्या. डब्याला चिंच लागली, भाजीला लागली नाही. माणूस दुःखात शहाण्यासारखा वागतो. घोळ होतात ते आनंदात.

घरच्या देवांना नैवेद्य दाखवला. सुदेश आला की लगेच निघायचं, मग जिन्यातल्या वाट्या राहायला नकोत, म्हणून त्यांनी आधी वाट्याच भरल्या. मोठ्या थाळीत ठेवून एकेक घर केलं. दारं उघडत होती. “अय्या काकू, किती करता तुम्ही दरवर्षी!” “वा, आलीच का ऋषीची भाजी!” तिसऱ्या मजल्यावरचं एक घर बंद होतं, त्यांची वाटी झाकण घालून चपलांच्या स्टँडवर ठेवली. शेवटची वाटी राघोकाकांना दिली. स्वतः मात्र खाल्ली नाही. ही भाजी त्या सुदेशबरोबर बसून खायच्या, तो शाळेत होता तेव्हापासून.

मग इरकल नेसून, डबा मांडीशी घेऊन त्या खिडकीत बसल्या.

खाली गाडीचा आवाज आला की त्या वाकून बघत. एक गाडी फुलवाल्याची होती, एक कोणाच्या तरी पाहुण्यांची. राघोकाका खालून मान वर करून बघत, आणि गाडी पुढे गेली की दोघंही एकमेकांना न पाहिल्यासारखं करत. बारा वाजून गेले. नैवेद्याची वेळ टळत चालली. रस्त्यात गर्दी असेल, गणपतीचे दिवस आहेत, कल्याण-शीळ रस्ता म्हणजे काय आज ओळखीचा आहे का, असं सरोजताईंनी स्वतःला सांगितलं. फोन करायला हात जात होता. पण बोलावण्याची आठवण करून देणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

दुपार कलायला लागली तेव्हा फोन आला.

“ताई, अगं सॉरी. निघायला चपला घातलेल्या आणि वैशालीचे मामा-मामी आले. त्यांच्या मागून ऑफिसचे. हलताच आलं नाही.”

“असू दे. नैवेद्याचं काय केलंत?”

“ते झालं. वैशालीने मागवून ठेवलेली गं भाजी. इथे खालच्या विंगमध्ये एक काकू ऑर्डर घेतात. म्हणजे आपली एक बॅकअप म्हणून. एकवीस भाज्यांची आहे म्हणे.” मग त्याने विचारलं, “तू चिडली नाहीस ना?”

“मी कशाला चिडू? मला बरंच झालं, गुडघे वाचले.”

“जेवलीस ना तू?”

“कधीच,” सरोजताई म्हणाल्या.

एकवीस भाज्या. त्यांच्या पट्टीत नऊ पिकत होत्या. आपली भाजी लागेल म्हणून त्या सकाळपासून नटून बसल्या होत्या आणि तिथे कालच ऑर्डर गेलेली होती. सुदेशने रिक्षाशी दिलेलं वचन म्हणजे अळवावरचं पाणी. तो खोटारडा नव्हता. देताना ते त्यालाही खरंच वाटलं असणार, आणि म्हणूनच त्याच्यावर धड रागावताही येईना. सरोजताईंनी इरकल सोडली, गाऊन घातला, पितळी डबा उघडला आणि त्यातूनच ताटात भाजी वाढून घेतली. वरीचा भात गार झाला होता. पहिला घास घेतला.

घास गिळला आणि घशात सुया टोचल्यासारखं झालं. जीभ चुरचुरली, ओठ खाजायला लागले. पाणी प्यायल्या तर जास्तच. त्या उठून ओट्याशी गेल्या, आणि तिथे, कोपऱ्यात, ताटलीखाली झाकलेली चिंचेची वाटी जशीच्या तशी होती.

एवढ्या वर्षांत न झालेलं झालं होतं. आणि ती भाजी जिन्यातल्या घरोघर गेली होती! लहान मुलं होती, पहिल्या मजल्यावर दम्याची आजी होती. सरोजताई गाऊनवरच ओढणी घेऊन, मोठी थाळी उचलून बाहेर धावल्या. गुडघ्यांचं भानही राहिलं नाही.

शेजारच्या घरात समृद्धी राहते. नोकरी करते, घरूनच. कानातलं इअरफोनचं एक बोंडूक काढून तिने दार उघडलं.

“समृद्धी, भाजी खाल्लीस का गं तू? खाऊ नकोस, चिंच राहिलीय, घसा खाजेल.”

“नाही काकू, अजून नाही खाल्लेली. कॉल चालू होते ना सकाळपासून.” तिने फ्रिजमधून वाटी आणून दिली. सरोजताईंनी दिली होती तशीच भरलेली, गार. “रात्री खाणारच होते मी.”

“बरं झालं बाई,” सरोजताई म्हणाल्या, आणि त्यांना खरोखरच हायसं वाटलं.

समोरच्या घरातही हायसं वाटलं. तिथे वाटी ओट्यावर वर्तमानपत्राखाली होती. “आज पनीर केलेलं ना, मग राहूनच गेली,” घरातली बाई म्हणाली. पहिल्या मजल्यावर दम्याची आजी झोपली होती; सुनेने वाटी आणून दिली, ती आतल्या आत जरा ओशाळली होती, कारण भाजी वाटीत नव्हतीच. कामवालीला द्यायला प्लास्टिकच्या पिशवीत ओतून गाठ मारून ठेवली होती. “तिला आवडते ना खूप,” ती म्हणाली. पिशवी आणि वाटी दोन्ही सरोजताईंनी घेतली. तिसऱ्या मजल्यावरची वाटी चपलांच्या स्टँडवर होती तिथेच होती.

भरलेली वाटी आली तर रिकामी परत करायची नाही, ही आपली जुनी रीत. श्रमसाफल्यने ती तंतोतंत पाळली होती.

थाळी जड होत गेली तसतशा सरोजताईंच्या पायऱ्या सावकाश पडायला लागल्या. घशातली खाज आता त्यांना आठवतसुद्धा नव्हती. त्यांना आठवत होतं गेलं वर्ष, आणि त्याच्या आधीचं. कोणी कधी म्हणालं नव्हतं, की यंदा जरा तिखट झाली, यंदा सुरण कच्चा लागला. दरवर्षी दुसऱ्या दिवशी वाटी घासून यायची, त्यात चिमूटभर साखर, आणि वर ठरलेलं वाक्य: “मस्त झालेली काकू.” खरोखर खाणारा माणूस काहीतरी खोड काढतोच. कँटीनमध्ये तर रोज काढायचे. मग किती वर्षं ही भाजी पिशवीत गाठ मारून जात होती? खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे अख्ख्या जिन्यात कोणाला खवखवलं नव्हतं.

तळमजल्यावर राघोकाका स्टुलावर बसले होते. त्यांचे ओठ सुजले होते. हातात कोकमाच्या पाण्याचा पेला होता.

“काका! तुम्ही खाल्लीत?”

“खाल्ली ना. खाजली गो बाय. जाम खाजली.”

“मग टाकायची नाही का? सगळी खाल्लीत?”

“मना वाटला माझाच घसा खराब झाला. तुझी भाजी कशी चुकंल?” ते कोकम प्यायले. “आन टाकू कशी? मना कोन येतंय आनून द्यायला?”

सरोजताईंना चूक कबूल करायची होतीच. त्या म्हणाल्या, “चिंच विसरले काका. पहिल्यांदाच.”

काकांनी थाळीकडे बघितलं. भरलेल्या वाट्या बघितल्या, गाठ मारलेली पिशवी बघितली. “भाव नाय आला?” एवढंच विचारलं.

“नाही.”

दिवसभरात सरोजताईंनी खरं उत्तर दिलं ते हे एकच. काका हळूहळू उठून आत गेले आणि त्यांची वाटी घेऊन आले. घासलेली, पुसलेली, आणि आत गुळाचा एक मोठा खडा. “तोंडान धर,” ते म्हणाले. “तुना पन खाजत आसंल.”

वर आल्यावर सरोजताईंनी गुळाचा खडा गालात धरला आणि कामाला लागल्या. चिंच कोळली. पितळी डब्यातली भाजी पातेल्यात ओतली, मग एकेक वाटी ओतली, मग पिशवीची गाठ सोडून तीही. पातेलं सकाळी होतं तसं काठोकाठ भरलं. जणू दिवस सुरूच झाला नव्हता. चिंचेचा कोळ घातला, मंद गॅसवर पुन्हा उकळी आणली. नैवेद्य होऊन गेला होता, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पळीतून चव घेऊन बघितली. आता मात्र जशी हवी तशी होती, आईच्या हातची व्हायची तशी. त्यांनी राघोकाकांची वाटी भरून खाली नेऊन दिली. काका स्टुलावरच डुलकी घेत होते. त्यांनी डोळे न उघडता वाटी मांडीवर धरून ठेवली.

दिवस कलला. खाली ताशे वाजायला लागले, दीड दिवसाचे गणपती निघाले. सरोजताई दिवा लावत होत्या तेव्हा पुन्हा फोन आला. तिकडेही मागे ताशे होते.

“ताई, अगं काय सांगू तुला,” सुदेश ओरडून बोलत होता. “ती ऑर्डरची भाजी म्हणजे नुसतं पाणी! एकवीस काय आणि किती काय. माझ्या घशाखाली उतरेना. मी वैशालीला म्हटलं, ताईची खाल्ल्याशिवाय पंचमी झाल्यासारखं वाटत नाही. उरलीय ना थोडी? विसर्जन झालं की मी येतो सरळ. येऊ?”

सरोजताईंनी पातेल्याकडे बघितलं. झाकण नीट बसत नव्हतं इतकं ते भरलेलं होतं.

ये म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं. दिवसभर ज्याची वाट बघितली तेच तो आता आपल्या तोंडाने मागत होता. पण तो येईल, स्वयंपाकघरात शिरेल, झाकण काढेल आणि म्हणेल, ‘ताई, एवढी कशी उरली? बिल्डिंगमध्ये दिली नाहीस?’ आणि मग तो ज्या नजरेने बघेल ती नजर त्यांना आत्ताच दिसली. एकटं जेवायची त्यांना सवय होती. ज्याला हाताला धरून शाळेत सोडलं त्याने आपली कीव करावी, याची नव्हती.

“संपली रे,” त्या म्हणाल्या. “एक वाटीसुद्धा उरली नाही.”

“सगळी?”

“सगळी. सगळ्यांनी मागून मागून नेली. समृद्धी तर दोनदा आली.”

“बघ!” सुदेश म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरच आनंद होता. “म्हणजे किती माणसं आहेत तुला तिकडे. वैशालीला मी हेच सांगत होतो. उगाच काळजी करते ती, ताई एकट्या, ताई एकट्या म्हणून. जाऊ दे, पुढच्या वर्षी मी आधीच येतो.”

“हो. पुढच्या वर्षी.”

“ठेवतो गं, बाप्पा निघाले.”

फोनमधून आणि खिडकीतून एकदमच आरोळी आली, पुढच्या वर्षी लवकर या. सरोजताईंनी सवयीने हात जोडले. मग ताट घेतलं, भात गरम केला, झाकण काढून भाजी वाढली. अळू मऊ शिजलं होतं, मक्याचे दाणे गोड लागत होते, आणि घसा अजिबात खाजत नव्हता. त्या पोटभर जेवल्या. जेवून पुन्हा पातेल्यात बघितलं, तर कमी झाल्यासारखं काही वाटत नव्हतं.